म्बिरा, बिरा आणि चिमुरेंगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झिंबाब्वेतल्या शोना समाजाच्या म्बिरा संगीताबद्दल मराठी वाचक आणि वादक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. म्बिरा म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या बोटांनी छेडून वाजवायचं वाद्य, बिरा म्हणजे पूर्वजांना बोलावण्याचा रात्रभराचा जागर, आणि चिमुरेंगा म्हणजे उठाव. वाद्य, उपचार आणि राजकारण असे तीन वेगळे विभाग मुद्दाम केलेले नाहीत. शोना घरात या तिन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच खोलीत घडतात.

ऑनलाइन मिळणारा कलिंबा म्हणजेच म्बिरा का?

नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या कलिंब्यावर बहुधा १७ पट्ट्या एकाच ओळीत असतात आणि स्वर डावीकडे-उजवीकडे आलटून-पालटून चढत जातात. विसाव्या शतकाच्या मध्यावर संगीत संशोधक ह्यू ट्रेसी यांनी दक्षिण आफ्रिकेत जो कलिंबा बनवून विकायला सुरुवात केली, त्याची ही पुढची पिढी आहे. शोना विधींमध्ये वाजते ती म्बिरा द्झावाद्झिमू, म्हणजे पूर्वजांची म्बिरा. तिला साधारण २२ ते २८ पट्ट्या असतात, त्याही तीन गटांत: डावीकडे वरची ओळ, डावीकडे खालची मंद्र स्वरांची ओळ आणि उजवीकडची ओळ. कलिंब्यावर शिकलेली बोटं इथे फारशी कामाला येत नाहीत.

शोना प्रदेशात न्जारी, मातेपे, १५ पट्ट्यांची न्युंगान्युंगा अशी भावंडंही आहेत. न्युंगान्युंगा १९६०च्या दशकात बुलावायो शहरातल्या क्वानोंगोमा संगीत महाविद्यालयातून शाळाशाळांत पोचली. लहान मुलांना शिकवायला ती उत्तम आहे. पण या पानावर जिथे नुसतं ‘म्बिरा’ म्हटलं आहे, तिथे म्बिरा द्झावाद्झिमूच समजावी.

वाद्याचे भाग कोणते?

खालची जाड फळी म्हणजे ग्वारिवा. ती मुब्वामारोपा या झाडाच्या लाकडाची असते. हे झाड आपल्या बिबळ्याच्या आणि रक्तचंदनाच्या कुळातलं. बिबळ्यासारखाच त्याच्या सालीला घाव घातला की लाल चीक येतो. फळीवर लोखंडी पट्ट्या बसवतात. त्या पूर्वी खनिज वितळवून काढलेल्या लोखंडाच्या असत. आता जाड तार, मोठे खिळे, पलंगाच्या स्प्रिंगा ठोकून चपट्या करतात. पट्ट्यांच्या खाली दोन आधार आणि त्या दोहोंच्या मध्ये वरून दाबणारी आडवी सळई असते. ही सळई फळीच्या आरपार गेलेल्या तारेने करकचून बांधलेली असते. वाद्याचा सगळा ताण या बांधणीवर असतो. ती सैल झाली की पट्ट्या सरकतात, स्वर बसका होतो आणि कितीही सुरात लावली तरी म्बिरा टिकत नाही.

फळीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक भोक असतं. ते करंगळीसाठी.

वादनाच्या वेळी म्बिरा देझेमध्ये, म्हणजे मोठ्या पोकळ भोपळ्यात बसवतात आणि काठीने घट्ट अडकवतात. भोपळा तडकतो म्हणून हल्ली फायबरग्लासचे देझेही सर्रास दिसतात. आवाजात किंचित फरक पडतो, पण प्रवासाला तेच बरे.

आवाजात सतत खरखर येते. वाद्य खराब आहे का?

खराब नाही. ती खरखर मुद्दाम केलेली असते. फळीच्या खालच्या भागावरच्या पत्र्यावर आणि देझेच्या काठावर शंख-शिंपले किंवा सोड्याच्या बाटल्यांची बुचं सैलसर अडकवतात. त्यांना माचाचारा म्हणतात. पट्टीचा स्वर उमटला की ती थरथरतात, आणि त्या आवाजाच्या पडद्यामागे ऐकणाऱ्याला वाजवल्या न गेलेल्या सुरावटीही ऐकू येऊ लागतात. शोना वादकांना स्वच्छ, टणक आवाज अपुरा वाटतो. रेकॉर्डिंगच्या सोयीसाठी माचाचारा काढून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा.

मात्र खरखर एकाच पट्टीतून येत असेल तर दोष आहे. एक तर पट्टी शेजारच्या पट्टीला घासते आहे, किंवा आधारावर नीट टेकलेली नाही. पट्टी केसभर बाजूला सारून पाहा. तरीही आवाज राहिला तर ती काढून तिचा खालचा भाग सपाट ठोकून घ्यावा लागतो.

बोटं कशी ठेवायची?

उजवी करंगळी कोपऱ्यातल्या भोकात घाला, अनामिका आणि मधलं बोट फळीच्या मागे आधाराला ठेवा. डावा अंगठा डावीकडच्या दोन्ही ओळी वरून खाली दाबून वाजवतो. उजवीकडच्या पहिल्या तीन पट्ट्या उजव्या अंगठ्याच्या, त्यापुढच्या उजव्या तर्जनीच्या. पण तर्जनी पट्टीच्या खाली जाते आणि वर उचलून छेडते. नवशिक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. तर्जनीचा आवाज बारीक येतो, म्हणून ते अंगठ्याचा जोर वाढवतात आणि वरची सुरावट बुडून जाते. उपाय उलटा आहे: अंगठे हलके करा आणि तर्जनीचं नख किंचित वाढवा. नख आणि त्याखालचं मांस दोन्ही पट्टीला लागायला हवं. सुरुवातीला बोटांना फोड येतात. फोड आला की थांबा. फुटलेल्या फोडावर वाजवत राहिलं तर बोट तिरकं धरायची सवय लागते आणि ती सहज सुटत नाही.

‘कुशाउरा’ आणि ‘कुत्सिन्हिरा’ म्हणजे काय?

एकाच रचनेचे दोन भाग. कुशाउरा पुढे जाणारा, कुत्सिन्हिरा त्याच्यामागून येऊन त्यात गुंफला जाणारा. बहुतेक रचनांचं एक आवर्तन ४८ सूक्ष्म मात्रांचं असतं: १२-१२ मात्रांची चार वाक्यं. कारिगामोम्बेसारख्या नवशिक्यांच्या रचनेत दुसरा वादक जवळपास तेच वाजवतो, फक्त एक मात्रा उशिरा. परिणामी दोघांपैकी कोणीच वाजवत नसलेली तिसरी सुरावट हवेत उभी राहते.

शिकताना क्रम असा ठेवा. पहिलं वाक्य, १२ मात्रा, दोन्ही हात एकत्र, अतिशय संथ. हात वेगवेगळे पाठ करू नका, कारण ही वीण दोन हातांच्या मधे आहे. चारही वाक्यं जोडली की आवर्तन न थांबता फिरवत राहा. मग त्याच आवर्तनावर पायाने तीन-तीन मात्रांचा ठेका धरा. त्यानंतर पाय दुसऱ्या ठिकाणी पडेल असा ठेका बदला. इथे बहुतेकांचे हात गोंधळतात, कारण त्यांनी रचना एकाच बाजूने ऐकलेली असते. हा टप्पा टाळून जे पुढच्या रचनेकडे धावतात, ते दुसऱ्या वादकासोबत बसले की पहिल्याच आवर्तनात घसरतात. आवर्तनाला ठरलेली सम नाही, कुठूनही शिरता येतं. आपल्याकडे तालात वाढलेल्या कानाला हे पचायला वेळ लागतो.

होशो आवश्यक आहे का?

हो. होशो म्हणजे खुळखुळ्यांची जोडी. वाळलेल्या भोपळ्यांत होता नावाच्या बिया भरतात. या आपल्या कर्दळीच्या बिया. भोपळा आधी मिठाच्या पाण्यात उकळून आतला गर खरवडून काढतात, नाहीतर आवाज बोदा येतो. होशोवाला रात्रभर ताल धरतो आणि नाचणारे त्याच्याकडे बघून नाचतात. दोन म्बिरा आणि एक होशो असला की मेळ पूर्ण होतो. होशोशिवाय म्बिरा शिकलेला वादक हटकून घाई करतो. म्हणून सरावात निदान रेकॉर्ड केलेला होशो तरी असावा.

ट्यूनर ॲपवर स्वर जुळत नाहीत. काय करू?

ॲप बाजूला ठेवा. सप्तकात सात स्वर असतात, पण त्यांची अंतरं हार्मोनियमसारखी नसतात आणि घराण्यागणिक, वाद्य बनवणाऱ्यागणिक बदलतात. न्यामारोपा, गांडांगा, दाम्बात्सोको अशी स्वर लावण्याच्या पद्धतींची नावं आहेत. दाम्बात्सोको ही पद्धत मुजुरू घराण्याशी जोडलेली आहे. म्बिरा हार्मोनियमला ‘सुधारून’ लावली की तिचा स्वभावच जातो. महत्त्वाचं इतकंच: सोबत वाजणाऱ्या दोन म्बिरा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. म्हणून दोन वाद्यं घ्यायची असतील तर एकाच कारागिराकडून, एकत्र लावून घ्या.

एखादा स्वर उतरला असेल तर पट्टी आपल्यापासून दूर, मागच्या आधाराकडे हलकेच ठोका. कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. आपल्याकडे ओढली की स्वर उतरतो. एका वेळी अगदी किंचित, आणि हातोडी व पट्टी यांच्यामधे लाकडाचा तुकडा धरून. कोकणात किंवा मुंबईत पट्ट्यांना पावसाळ्यात गंज धरतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने घाम पुसा, पट्टीच्या मोकळ्या टोकांवर मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. तेल आधाराच्या सळईपर्यंत जाऊ देऊ नका, पट्ट्या निसटायला लागतात.

बिरा म्हणजे काय? तिथे नेमकं काय घडतं?

बिरा म्हणजे पूर्वजांना बोलावण्याचा रात्रभराचा जागर. घरात आजार हटत नाही, भावाभावांत भांडण धुमसतंय, पाऊस ओढ देतोय अशा वेळी कुटुंब आधी नांगाकडे, म्हणजे पारंपरिक वैद्याकडे जातं. तो कौल घेण्यासाठी हाकाता नावाचे तुकडे टाकून कोणता पूर्वज काय मागतो आहे ते सांगतो. मग तयारी सुरू होते. त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे डोरो ही बिअर. धान्य, बहुतेकदा नाचणी, मोड आणून वाळवायची, दळायची, पेज शिजवून आंबवायची. या सगळ्याला साधारण सात दिवस लागतात. मधे घाई केली तर बिअर बसत नाही, आणि बिअर बिघडली तर विधीच पुढे ढकलावा लागतो.

सूर्यास्तानंतर लोक गोल स्वयंपाकघरात जमतात. मागच्या भिंतीशी चिकुवा नावाचा मातीचा कट्टा असतो, मडकी तिथेच मांडलेली. टाळ्या वाजवून पूर्वजांना नाव घेऊन हाक दिली जाते, तपकीर वाहिली जाते. वादक त्या पूर्वजाला हयातीत आवडणाऱ्या रचना घेतात. हे वादकाला माहीत असावं लागतं, आणि नसेल तर त्याने आधी घरच्यांना विचारावं. चुकीची रचना तासन्‌तास वाजवत राहणं हे बिरा रेंगाळण्याचं नेहमीचं कारण आहे. लोक गातात, नाचतात, उत्तर देतात. नुसते बसलेले श्रोते फारसे कोणी नसतात, कारण बसून ऐकणाऱ्या खोलीत पूर्वज येत नाहीत, अशी श्रद्धा आहे.

मग स्विकिरोच्या, म्हणजे ज्याच्या अंगात येतं त्या व्यक्तीच्या, हालचाली बदलतात: जांभया, थरथर, घशातून घुमणारा आवाज. मदतनीस त्याला काळं किंवा पांढरं वस्त्र पांघरतात, हातात काठी देतात. संगीत थांबतं आणि संवाद सुरू होतो. तो बहुधा पहाटेकडे झुकतो आणि कधीकधी फार कडू असतो.

यातून आजार बरा होतो का? औषधं बंद करावीत का?

औषधं बंद करू नयेत. मलेरिया, एचआयव्ही, क्षय यांवर दवाखान्याला पर्याय नाही. झिंबाब्वेतली असंख्य कुटुंबं दवाखान्यातही जातात आणि बिराही घालतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही.

बिरा ज्यावर काम करतो तो भाग वेगळा आहे. शोना समजुतीत आजार एकट्या शरीरात नसतो, तो नात्यांत असतो. आलेला पूर्वज विचारतो: आईला कोणी टाकून दिलं? गुरं कोणी लाटली? कोणाच्या मृत्यूनंतरचे विधी राहिले? एरवी जे घरात कोणी उच्चारत नाही ते इथे सगळ्यांसमोर बोललं जातं, धाकट्याला थोरल्याविरुद्ध बोलता येतं, आणि भरपाई ठरते. संगीताचं काम हे बोलणं शक्य करणं. मन शांत करणारं पार्श्वसंगीत म्हणून म्बिरा विकणाऱ्यांनी हा गाभाच वगळलेला असतो.

सगळ्यात कठीण प्रकरण न्गोझीचं. अन्यायाने मारल्या गेलेल्याचा आत्मा खुन्याच्या कुटुंबाला छळतो, आणि भरपाई व कबुली मिळेपर्यंत शमत नाही. गोऱ्या राजवटीविरुद्धच्या मुक्तियुद्धानंतर आणि पुढे राजकीय हिंसाचारानंतरही गावागावांत हा प्रश्न उभा राहिला. कोर्टात न पोचलेले खून असे घरांच्या दारात आले. या समजुतीचा गैरवापरही होतो, खोट्या आरोपांनी कुटुंबं उद्ध्वस्त होतात. म्हणून जाणते वडीलधारे एकाच नांगाच्या शब्दावर थांबत नाहीत, दुसऱ्या, लांबच्या नांगाकडे जाऊन पडताळा घेतात.

मिशनऱ्यांचा विरोध कधीपासून? गोव्याशी काही संबंध आहे का?

आहे. मुतापा या शोना राज्यात पहिलं ख्रिस्ती मिशन घेऊन गेलेला जेझुइट पाद्री गोंसालो द सिल्व्हेरा १५६० साली गोव्याहूनच निघाला होता. १५६१ मध्ये तिथे त्याला मारण्यात आलं. नऊ लोखंडी पट्ट्यांच्या वाद्याचं सगळ्यात जुनं लेखी वर्णन करणारा डोमिनिकन पाद्री जुआंव दुश सांतुश १५८६ साली पूर्व आफ्रिकेत पोचला, त्याचा ग्रंथ १६०९ मध्ये छापला गेला आणि १६२२ मध्ये तो गोव्यात वारला. त्याने वाद्याच्या मधुर आवाजाचं कौतुकच केलं आहे.

खरा घाव बसला तो ब्रिटिश वसाहतीत. मिशन शाळांतून म्बिरा सैतानाचं वाद्य म्हणून हद्दपार झाली. १८९९च्या चेटूकविरोधी कायद्याचा बडगा नांगांवरही पडला. १९६०च्या दशकापासून कॅथलिक चर्चने होशो, ढोल आणि पुढे म्बिराही उपासनेत घेतली. अनेक पेंटेकोस्टल आणि अपोस्टोलिक मंडळी मात्र आजही तिला दार बंद करतात.

प्रतिकाराशी म्बिराचा संबंध कसा आला?

पूर्वजांमार्फत. जमीन पूर्वजांची, आणि त्यांच्या वतीने बोलणारे म्होंडोरो, म्हणजे राजवंशांचे आत्मे. १८९६-९७च्या पहिल्या चिमुरेंगात, म्हणजे उठावात, नेहांडा आत्म्याची स्विकिरो चार्वे हिने पुढाकार घेतला. १८९८ मध्ये तिला फाशी झाली. आपली हाडं पुन्हा उठतील असं ती म्हणाल्याचं परंपरा सांगते.

१९७०च्या दशकात झांबेझी खोऱ्यातल्या दांडे भागात शिरलेल्या, मुक्तियुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांनी आधी तिथल्या स्विकिरोंची परवानगी मागितली आणि त्यांचे निर्बंध पाळले: रानातले प्राणी मारायचे नाहीत, काही पदार्थ खायचे नाहीत. रात्रीच्या सभांमध्ये जुन्या सुरावटींवर नवे शब्द बसले. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या झिंबाब्वेच्या, सरकारलाही ही ताकद कळली होती. त्यांनी स्विकिरोंच्या आवाजातले संदेश विमानांतून ऐकवून पाहिले.

गायक थॉमस मापफुमो यांनी नेमकं काय केलं?

म्बिराचा बाज इलेक्ट्रिक गिटारवर आणला. तार तळहाताने दाबून छेडली की स्वर पट्टीसारखा तुटक येतो, ड्रमसेटमधली हाय-हॅट ही झांजांची जोडी होशोचं काम करते, आणि वर शोना म्हणी. परक्याला ते गाणं निरुपद्रवी वाटतं, ज्याच्यासाठी आहे त्याला कळतं. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांना खटल्याविना डांबलं गेलं. स्वातंत्र्य १९८० मध्ये आलं, आणि १९८९ मध्ये याच माणसाने नव्या राज्यकर्त्यांच्या भ्रष्टाचारावर थेट गाणं केलं. पुढे ते अमेरिकेत ओरेगनला स्थायिक झाले आणि २०१८ मध्ये राजधानी हरारेत परत येऊन गायले. आमच्या मते म्बिराची खरी परीक्षा १९८० नंतरच झाली. परक्या सत्तेविरुद्ध पूर्वजांना हाक मारणं एक वेळ सोपं, आपल्याच माणसांना जाब विचारणं अवघड. हरारेत २०२१ मध्ये नेहांडाचा पुतळा सरकारनेच उभारला. पूर्वजांवर हक्क सांगणारे दोन्हीकडे आहेत.

चळवळ गाण्यांपुरतीच नाही. विख्यात वादक कॉस्मस मागाया (निधन २०२०) यांनी म्होंडोरो याच नावाच्या भागातल्या आपल्या गावाकडे शिक्षण आणि आरोग्याची कामं उभी केली. परदेशी विद्यार्थ्यांशी जुळलेल्या नात्यांचा त्यांनी त्यासाठी उपयोग करून घेतला.

स्त्रियांना म्बिरा वाजवता येते का?

येते. पूर्वी आडकाठी मोठी होती. मासिक पाळीच्या काळात वाद्याला हात लावायचा नाही हा नियम आजही काही घरांत आहे. १९४६ मध्ये जन्मलेल्या स्टेला चिवेशे यांना १९६०च्या दशकात शिकवायला कोणी तयार होईना, शेवटी नात्यातल्या काकांनी शिकवलं. १९७४ची त्यांची ‘कासाहवा’ ही ध्वनिमुद्रिका गाजली. २०२३ मध्ये त्या वारल्या. ब्यूलर द्योको, चिवोनिसो मारैरे, होप मासिके ही नावंही ऐकावीतच.

आम्ही शोना नाही. हे संगीत वाजवणं योग्य आहे का?

शिकवणारे शोना गुरू अनेक दशकांपासून परदेशी विद्यार्थी घेत आले आहेत. युनेस्कोनेही २०२० मध्ये म्बिरा बनवण्याची आणि वाजवण्याची कला झिंबाब्वे व मलावी यांच्या नावे वारसायादीत घेतली. वाजवा. रचनेचं नाव आणि ती कोणाकडून आली ते सांगा, गुरूला मानधन द्या. ‘उपचार सत्र’ असा फलक लावून तिकीट मात्र विकू नका. तो अधिकार वाजवता येण्याने मिळत नाही.

बिराला पाहुणा म्हणून बोलावलं तर?

यजमानांना आधी तीन गोष्टी विचारा: कपड्यांचा रंग, काय न्यायचं, कुठे बसायचं. अनेक घरांत लाल कपडे चालत नाहीत. चपला, घड्याळ बाहेर ठेवावं लागतं. तपकिरीची पुडी आणि थोडी रोख रक्कम नेणं रीतीला धरून असतं. मोबाइल बंद. रेकॉर्डिंगची परवानगी घरातला मोठा माणूस देतो, आणि आलेला पूर्वज ती रद्दही करू शकतो. नोव्हेंबरात कोणी बोलावलं तर जरा चौकशी करा, कारण तो महिना असे विधी न करण्याचा आहे.

भारतात वाद्य मागवताना काय तपासावं?

पट्ट्यांची संख्या, स्वर लावण्याच्या पद्धतीचं नाव, सर्वांत मंद्र स्वर आणि देझे फायबरग्लासचा की भोपळ्याचा, हे कारागिराकडून लेखी घ्या. वाजवतानाची क्लिप मागवा, तिच्यात प्रत्येक पट्टी सुटी ऐकवायला सांगा. होशोत बिया असतात आणि बियांच्या आयातीला भारतात वनस्पती क्वारंटाइनचे नियम लागतात, म्हणून पार्सल अडकू शकतं. त्यापेक्षा इथेच वाळलेला भोपळा आणि बागेतल्या कर्दळीच्या पक्व काळ्या बिया घेऊन होशो करावा. दोन्ही भोपळे सारख्या आकाराचे निवडा, बिया मुठीने न मोजता वजन करून समान भरा.